बाराचे आठ

दिवाळीत आमच्या आर्वीच्या घरी संध्याकाळी एक ठरलेला प्रसंग घडतो. ओसरीवर पणत्या लागलेल्या असतात, आकाशदिवा वाऱ्यावर हेलकावे घेत असतो, वहिनी फराळाची ताटे मांडीत असते, आणि नेमके त्याच वेळी मागच्या वावरातल्या विहिरीवर कोणीतरी मोटर चालू करतो. त्याबरोबर ओसरीवरचा बल्ब झर्रकन् पिवळा पडतो, दारावरची दिव्यांची माळ मलूल होते, आणि क्षणभराने पुन्हा सारे जरा सावरून उभे राहतात. पहिल्याइतके ताठ नाही. पण उभे राहतात. वहिनी हातातले ताट खाली न ठेवता म्हणते, “घ्या, दिव्यांनी रामराम केला!”

गेली कित्येक वर्षे हा विनोद आम्ही ऐकतो आहोत आणि दरवर्षी हसतो आहोत. घरातले विनोद घरातल्या भांड्यांसारखे असतात. पोचे आले म्हणून कोणी ते टाकून देत नाही.

हल्लीच्या पुष्कळ दिव्यांना ही रामराम करण्याची रीत उरलेली नाही. व्होल्टेज थोडे उतरले तरी ते ढिम्म हलत नाहीत. आतली यंत्रणा सारे सांभाळून घेते. पण दादाने ओसरीवर अजून तारेचा जुना बल्ब ठेवला आहे. तो बिचारा भारी प्रामाणिक. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले, तर त्याचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. मनातले लपवता न येणाऱ्या माणसासारखा तो आहे. मला तो आवडतो. आणि तो मान खाली घालतो तेव्हा मला दरवेळी माझ्या नापास झाल्याची आठवण होते, हेही कबूल केले पाहिजे.

गोष्ट १९७२ सालची. महाराष्ट्राने हे साल दुष्काळाचे म्हणून लक्षात ठेवले आहे. मी ते विजेच्या पेपराचे म्हणून लक्षात ठेवले आहे. मी तेव्हा नागपूरला इंजिनिअरिंग शिकत होतो. त्या पेपरात एक सर्किट दिले होते आणि विचारले होते : या दोन टोकांशी समतुल्य व्होल्टेज किती? सर्किट अगदी साधे. एक बारा व्होल्टची बॅटरी. तिच्यापुढे तीन ओहमचा एक रोध, त्याच्यापुढे सहा ओहमचा दुसरा, आणि तिथून तार परत बॅटरीकडे. सहा ओहमच्या दोन बाजूंना दोन टोके बाहेर काढलेली. मी बॅटरीकडे पाहिले. तिच्यावर बारा लिहिले होते, म्हणून मीही बारा लिहिले. उत्तर होते आठ. एवढ्या एका प्रश्नाने मी नापास झालो असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण त्या पेपरात मी जे जे केले ते सारे याच जातीचे होते. वर जे लिहिलेले दिसेल, तेच खरे मानायचे!

पुलगावला मोठ्या गाडीतून उतरून आर्वीच्या छोट्या गाडीत बसलो. अडीच फुटी रुळांची ती गाडी आता बंद झाली आहे, पण त्या काळी आम्हां आर्वीकरांना साऱ्या जगाशी जोडणारी तीच होती. नापास झालेल्या मुलाला तिच्याइतके सोयीचे वाहन दुसरे नव्हते. ती इतक्या सावकाश जाई, की घरी काय सांगायचे याची तीन-चार निरनिराळी भाषणे वाटेत तयार करता येत. मी तशी ती केलीही. घरी आलो तो दादा कोठ्यात बैलांना वैरण टाकीत होता. माझी सारी भाषणे घशातच राहिली. मी एवढेच म्हणालो, “दादा, गेलो.”

आमचे बाबा वारले तेव्हा दादा एकवीस वर्षांचा होता. त्याने कॉलेज सोडले आणि वावर धरले. मी शिकावे हे त्याने ठरवले होते. मला विचारले नव्हते, आणि स्वतःलाही विचारले नसावे. त्याने वैरणीचा हात झटकला आणि काय चुकले ते विचारले. मी मातीत काडीने सर्किट काढून दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “बाराचे आठ लिहाचे होते, तू बारा लिहिले. म्हंजे चाराचाच फरक न? एवढ्यासाठी सालभर?” मग तोच हसला. “जाऊ दे. पुन्हा बस.” बस्स. एवढ्यावर तो विषय संपला. फी पुन्हा भरली गेली, खानावळीचे पैसे पुन्हा येऊ लागले, आणि दर महिन्याला त्याचे एक कार्ड : संत्रा बरा आहे, पैशाची काळजी करू नये, अभ्यास करावा.

ते प्रमेय माझ्या डोक्यात शिरले ते मात्र कॉलेजात नव्हे, आमच्या विहिरीवर, आणि तेही त्याच उन्हाळ्यात. मोट जाऊन मोटर आली त्याला तेव्हा दोन-तीनच वर्षे झाली होती. एके दिवशी मोटर चालू करावी तो ती नुसती घूं घूं करी आणि जागची हलेना. घरात इंजिनिअर (म्हणजे इंजिनिअर होता होता राहिलेला) असल्यामुळे मला पाचारण झाले. मी मोठ्या रुबाबात व्होल्टमीटर घेऊन गेलो. मोटर बंद ठेवून तिन्ही फेज तपासल्या. पहिलीवर २३०, दुसरीवर २३०, तिसरीवर २३०. मी निकाल दिला : वीज उत्तम आहे, मोटरच बिघडली आहे. मोटर उतरवून वर्ध्याला न्यावी लागेल म्हणून दादाने बंडीसुद्धा जुंपायला सांगितली.

तेवढ्यात गावातला वायरमन आला. वयस्क माणूस. खांद्यावर दोरीचे वेटोळे आणि हातात दोन तारांना लटकवलेला एक बल्ब, एवढीच त्याची प्रयोगशाळा. त्याने तो बल्ब पहिल्या फेजला लावला : लख्ख. दुसरीला लावला : लख्ख. तिसरीला लावला, तो आतली तार नुसती निखाऱ्यासारखी लाल झाली आणि तशीच राहिली. माझा व्होल्टमीटर तिथेच लावलेला होता. आत्तापर्यंत ताठ मानेने २३० दाखवणारा त्याचा काटा घसरत घसरत पार खाली आला. बल्ब काढला, की काटा पुन्हा २३० वर!

मी तोंडात बोट घालून उभा. वायरमन म्हणाला, “पोकळ होल्टेज हाय हे. रिकाम्या हातानं सारेच पयलवान असते बाप्पा. वझं देऊन पाह्य, मंग समजते.”

मीटरच्या पुढे, आमच्याच वायरीत एक जोड होता. तो ढिला होऊन जळला होता आणि त्यावर काळा थर चढला होता. वीज वाहत नव्हती तोवर तो काहीच अडवीत नव्हता, कारण अडवायला काही नव्हतेच. वीज मागितली, की तो आडवा येई. वायरमनने जोड खरवडून स्वच्छ केला, नीट पिळला, आणि मोटर सुरू झाली. जुंपलेली बंडी पुन्हा सोडली. बैलांना तेवढाच माझा उपद्रव झाला.

त्या रात्री मी पुस्तक उघडले आणि चार महिने घोकूनही जे कळले नव्हते ते पाच मिनिटांत कळले. त्या वायरमनने जे सांगितले होते त्यालाच पुस्तकात थेवेनिनचे प्रमेय म्हणतात. ते म्हणते : कितीही गुंतागुंतीचे सर्किट असो, आत दहा बॅटऱ्या असोत की शंभर रोध असोत, तुम्ही जर त्याच्या दोन टोकांशी बाहेर उभे असाल, तर तुमच्यापुरते ते सारे जंजाळ म्हणजे फक्त दोन आकडे. एक व्होल्टेज, आणि त्याच्यामागे एक रोध. पहिला आकडा काढायचा तो टोके मोकळी ठेवून : कोणी काही मागत नसताना तिथे किती व्होल्टेज दिसते? दुसरा काढायचा तो आतल्या साऱ्या बॅटऱ्या काढून घेऊन, त्यांच्या जागी नुसती तार जोडून : आता या टोकांतून आत शिरू पाहणाऱ्या विजेला किती अडथळा होतो? पहिल्या आकड्याने देण्याची ऐपत कळते. दुसऱ्याने, मागणी वाढली की ती ऐपत किती खचेल ते कळते.

माझ्या नापास गणिताचेच उदाहरण घ्या. दिवाळीत गणित घातल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण हे गणित चकलीच्या भाजणीच्या प्रमाणापेक्षा अवघड नाही. बारा व्होल्ट तीन आणि सहा यांच्यात वाटले जातात, ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे. तीनला चार, सहाला आठ. टोके सहाच्या दोन बाजूंना, म्हणून तिथे दिसणार आठ. हा पहिला आकडा. आता बॅटरी काढून तिच्या जागी तार घाला. टोकांतून आत शिरणाऱ्या विजेला दोन वाटा दिसतात, एक तीनची, एक सहाची, शेजारी शेजारी. पाण्याला एकाऐवजी दोन पाट मिळाले की ते अधिक सहज जाते, तसे हे. तीन गुणिले सहा, भागिले नऊ : दोन ओहम. हा दुसरा आकडा. झाले! आता ते मूळ सर्किट विसरा. आठ व्होल्टची बॅटरी आणि तिच्यामागे दोन ओहम, एवढेच ध्यानात ठेवा. टोकांना दोन ओहमचे ओझे लावले, तर आठाचे निम्मे आत खर्च होतील आणि ओझ्याला चार व्होल्ट मिळतील. मूळ सर्किट घेऊन लांबच्या वाटेने हिशेब केलात, तरी चारच येतील.

अट एकच : आतली सारी मंडळी सरळ वागणारी हवीत. दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट, अशी. आपल्या घरची वीज उलटसुलट वाहणारी, त्यामुळे तिथे नुसत्या रोधाबरोबर तारांच्या वेटोळ्यांचा अडथळाही मोजावा लागतो; पण तत्त्व तेच. आर्वीच्या भिंतीतल्या दोन भोकांमागे कोराडीच्या भट्ट्या असतात, चंद्रपूरचा कोळसा असतो, माळरानावरून चालत आलेले मनोरे असतात, गावातला ट्रान्सफॉर्मर असतो. आमच्या बल्बाला त्यातले काहीएक माहीत नसते. त्याला दोन आकडे माहीत. त्यातला दुसरा, शेवटच्या टोकाच्या लांब तारेमुळे, आमच्याकडे जरा मोठा आहे. आणि चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सातपट प्रवाह ओढते. म्हणून तो मान खाली घालतो. वहिनीच्या रामरामाचे शास्त्रीय कारण हे असे आहे.

मी दुसऱ्या वर्षी पास झालो. १९७५ साली पुण्याच्या एका तंत्रनिकेतनात शिकवू लागलो, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत दरवर्षी हेच प्रमेय, हेच बाराचे आठ, नव्या नव्या मुलांना सांगत राहिलो. वायरमनचे वाक्य मी थेवेनिनच्या आधी सांगे. थेवेनिनला त्याचा राग आला नसता असे मला वाटते.

कारण तो माणूसही तसाच होता. लेओं शार्ल थेवेनिन, फ्रान्सच्या तारखात्यातला इंजिनिअर. जन्म १८५७, गाव मो, पॅरिसजवळचे. नोकरीची सुरुवात जमिनीखालून जाणाऱ्या लांब लांब तारांच्या कामावर झाली. आता विचार करा, तार जमिनीत पुरलेली, आत काय आहे ते दिसत नाही, प्रत्येक वेळी उकरून पाहणे शक्य नाही. हातात काय, तर दोन टोके. अशा माणसाला हे प्रमेय सुचावे यात नवल नाही. १८८३ साली त्याने ते छापले. त्याला ठाऊक नव्हते, की बरोबर तीस वर्षांपूर्वी, १८५३ साली, जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने हेच लिहून ठेवले होते. हेल्महोल्ट्झ तेव्हा प्राण्यांच्या स्नायूंतली वीज मोजत होता. स्नायूच्या आत डोकावणे शक्य नव्हते. त्याच्याही हाती दोन टोकेच होती. एकाला माती आड आली, दुसऱ्याला मांस. दोघांनीही आत न शिरता आतल्याचा हिशेब लावला.

थेवेनिनने लग्न केले नाही. त्याला व्हायोलिनचा नाद होता आणि नदीकाठी गळ टाकून बसण्याचा छंद होता. आपले प्रमेय साऱ्या जगात शिकवले जाते हे त्याला मरणाच्या थोडेच आधी एका मित्राकडून कळले आणि त्याचे त्यालाच आश्चर्य वाटले. १९२६ साली तो वारला. माझ्या अंत्ययात्रेला घरच्यांखेरीज कोणी येऊ नये, आणि शवपेटीवर माझ्या बागेतल्या एका गुलाबाखेरीज काही ठेवू नये, एवढेच त्याने सांगून ठेवले होते. दोन आकड्यांत जग मावते म्हणणाऱ्या माणसाने स्वतःचा शेवटही एका फुलात मावविला.

पण एखादे हत्यार हाताला फार सरावले, की माणूस ते नको तिथे चालवू लागतो. माझे तसे झाले. मी माणसांना थेवेनिन लावू लागलो. गंमत म्हणून सुरुवात केली, पुढे सवयच जडली. आमचे एक मामा आहेत. त्यांचे मोकळे व्होल्टेज अफाट. “काही लागले तर हक्काने सांग,” हे वाक्य ते प्रत्येक लग्नात प्रत्येकाला म्हणतात. एकदा खरेच सांगितले आणि काटा सरसर खाली आला. उलट एक मावशी. तिचे व्होल्टेज मुळातच बेताचे, बोलणे तुसडे, पण रात्री दोन वाजता दार वाजवा, काटा तिळभर हलायचा नाही. आतला रोध शून्य! शेजारी, सहकारी, व्याही, सगळ्यांचे दोन दोन आकडे मी मनात मांडून ठेवले होते.

आणि दादाचेही. दादा म्हणजे पुस्तकातला आदर्श उद्गम. काय वाटेल ते मागा, व्होल्टेज तेवढेच. फी मागितली, फी आली. लग्नात मागितले, लग्नात आले. पुण्यात घर घेताना मागितले, तेव्हाही आले. कधी आवाज उतरला नाही, कधी कार्डावरची अक्षरे वाकडी झाली नाहीत. मी समजत गेलो, की त्याच्याजवळ आहे म्हणून तो देतो. हिशेब सोपा होता.

एकदा वर्गात एका मुलीने मला अडवले होते. प्रयोगाच्या टेबलावर मी दोन्ही सर्किटे जोडून ठेवली होती, मूळचे आणि समतुल्य. दोन्हींच्या टोकांना काहीही लावलेले नव्हते. तिने हळूच बोटाने रोध चाचपून पाहिले आणि विचारले, “सर, दोन्ही सारखीच आहेत ना? मग हे गरम का आणि ते गार का?”

प्रश्न लाखमोलाचा होता. समतुल्य सर्किटात टोके मोकळी असली की प्रवाह शून्य, उष्णता शून्य. पण मूळच्या सर्किटात बारा व्होल्ट त्या नऊ ओहममधून सतत वाहतच असतात, कोणी काही मागो वा न मागो. बाराचा वर्ग भागिले नऊ : सोळा वॅट. बाहेर कोणाला काही न देताही सोळा वॅट आतल्या आत जळत असतात. मी तिला सांगितले, “समतुल्य म्हणजे बाहेरच्याला समतुल्य. आतल्याचे हे प्रमेय काही सांगत नाही.” उत्तर अचूक होते. मुलांनी वहीत उतरवून घेतले. मीही खडू ठेवला, हात झटकले आणि घरी गेलो.

गेल्या दिवाळीला मी आर्वीला गेलो तो पिशवीत कागद घेऊन. वाटणीचे कागद. मुलाला मोठे घर घ्यायचे होते, माझा वाटा मोकळा झाला तर बरे होईल असे त्याचे आणि पुष्कळसे माझेही म्हणणे होते. दादाने आता वयाची ऐंशी ओलांडली आहे, वावर पुतण्या पाहतो. दादाला सांगितले की तो हो म्हणेल, याबद्दल मला शंका नव्हती. त्याचे आकडे मला पाठ होते.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे वहीची पूजा असते. नवी वही पाटावर मांडतात, आणि जुन्या वह्यांचे गाठोडेही काढून तिच्यामागे ठेवतात. बाबांच्या वेळची रीत. पूजा झाली, मंडळी फटाक्यांकडे गेली. मी एकटाच पाटाशी होतो. सहज म्हणून गाठोडे सोडले आणि १९७२ ची वही हाती आली. दादाचे टपोरे अक्षर. “संत्र्याची झाडे वाळली, तोडली, ४५. लाकूड विकले.” त्याच्या खाली, “पाटल्या ठेवल्या.” आणि त्याच्या खाली, “धाकट्याचे नागपूर.”

संत्रा बरा आहे, पैशाची काळजी करू नये, अभ्यास करावा.

मी पुढची वही काढली, तिच्या पुढची काढली. दर दिवाळीला एक ओळ : “पाटल्यांचे व्याज.” १९७३, १९७४, १९७५. या साली मला नोकरी लागली होती. १९७६, १९७७. या वर्षांत मी त्याच्याकडे एक पैसाही मागितला नव्हता. आता आपला भार दादावर नाही या समाधानात होतो. ओळ होतीच. १९७८, १९७९, १९८०. टोके मोकळी होती, आणि आत सोळा वॅट जळत होते.

मी माणसांना थेवेनिन लावीत हिंडलो होतो आणि ज्या एका घरात तो लावायचा नव्हता तिथेच तो सर्वांत आधी लावला होता. त्या घराच्या बाहेर, दोन टोकांशी, मी उभा होतो. आतला असूनही.

फराळ झाल्यावर मी वहिनीला विचारले, “त्या पाटल्या सुटल्या का गं पुढे?”

कोणत्या पाटल्या, असे तिने विचारले नाही. “सुटल्या न. एक्याऐंशीच्या दिवाळीले सुटल्या. पन तवरिक माह्ये हात कामानं जाड झाले होते. मनगटात जातच नव्हत्या. मंग पोरीच्या लग्नात तिले घातल्या.” आणि ती हसली. जणू गंमत सांगावी तशी.

दादा आरामखुर्चीत पडून ऐकत होता. तो वहिनीकडे पाहून काही बोलला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, “तू फोनवर वाट्याचं बोलला होता. कागद आनले असतीन तं काढ. सही कुठं कराची थे सांग, चष्मा घालून एकडाव करून टाकतो.”

आवाज जरासुद्धा उतरला नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी “पुन्हा बस” म्हणाला होता त्याच पट्टीतला. त्या आवाजावरून पूर्वी मी जो हिशेब केला असता, तो आता मला करवेना. मी म्हणालो, “नाही आणले.” तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मी खोटे बोलतो आहे हे त्याला कळले असावे. सर्किट मातीत काढून दाखवले होते तेव्हा पाहत होता, तसाच पाहत होता. “बरं,” तो म्हणाला. “चिवडा घे.”

मी फार मोठा त्याग केला असे कृपा करून समजू नका. कागद अजून माझ्याकडेच आहेत, मुलाची आठवणही अधूनमधून येते, आणि त्याचे म्हणणे अगदी चूक आहे असेही मला म्हणवत नाही. काय ते ठरेल. पण ते ठरवताना मी टोकांशी उभा राहून नव्हे, वह्यांचे गाठोडे सोडून बसून ठरवीन, एवढे मी स्वतःशी कबूल केले आहे. दूरच्या माणसांना दोन आकडे पुरतात. तेवढ्यावर जग चालते, आणि चालावेही. प्रत्येकाच्या आतली तार उकरीत बसायला कोणाला वेळ आहे? पण आपल्या घरात तरी माणसाने अधूनमधून, काही मागायचे नसताना, रोधाला बोट लावून पाहावे. गरम लागते का ते.

त्याच रात्री पुतण्या विहिरीकडे गेला. मला आता त्या वेळेचा अंदाज आला आहे. बल्ब मान खाली घालणार, इतक्यात मी उठलो आणि दारावरची दिव्यांची माळ बंद केली. तेवढ्याने काय होणार? मोटरच्या ओढीपुढे माळेचा भार तो किती! हिशेबाने पाहता काहीच नाही. बल्ब व्हायचा तेवढा पिवळा झालाच.

“घ्या, दिव्यांनी रामराम केला!” वहिनी आतून म्हणाली. मग अंधारलेल्या दाराकडे तिचे लक्ष गेले. “आन् माळ काऊन बंद केली भाऊजी?”

“काही नाही,” मी म्हणालो. “तेवढंच ओझं कमी.”